खारुल्याचा घसा

४ जानेवारी
“तुझ्या घशात एक मूल आहे, त्याला मोठं होऊ देऊ नकोस.” पहिल्या ऑडिशनला जुने दिग्दर्शक मला म्हणाले होते. मी तेव्हा चोवीस वर्षांची. ते गेले, मूल राहिलं. आज मी सेहेचाळीस, आणि कार्टूनमधलं आठ वर्षांचं खारीचं पिल्लू, खारुल्या, अजून माझ्याच आवाजात बोलतो.
नव्या वर्षाचे संकल्प : कॉफी बंद. रात्रीचं जेवण लवकर. जेवल्याबरोबर आडवं व्हायचं नाही.
सकाळी घसा बसलेला. हवाच तशी आहे.

५ जानेवारी
कॉफी अर्धा कप. दुपारी उरलेला अर्धा. एकूण एकच कप झाला, तोही मोडून मोडून घेतलेला. हिशोबात धरत नाही.

९ जानेवारी
स्टुडिओ. “आई, मी एकटा चढणार झाडावर!” एवढंच वाक्य, पण टेकवर टेक. काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला की आवाज खरखरतोय. मी त्याला समजावलं की माइक जुना झालाय. बिचाऱ्याने माइक बदलला. तोही बिघडलेला निघाला.

१५ जानेवारी
तिसरा माइकही तसाच. या स्टुडिओची खरेदी कोण करतं कोण जाणे. रेकॉर्डिस्टला तसं सांगितलं. तो हेडफोन काढून म्हणाला, “ताई, माइक संपले.”

१७ जानेवारी
नवऱ्याच्या आग्रहाखातर घशाच्या डॉक्टरांकडे. नाकातून बारीक नळी घातली आणि पडद्यावर माझे स्वरतंतू दाखवले. इतकी वर्षं ज्यांच्या जिवावर जगले त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. काहीतरी नाजूक, मोत्यासारखं असेल असं वाटलं होतं. रडून रडून सुजलेल्या पापण्यांसारखे दिसत होते.
डॉक्टर म्हणाले, पोटातलं ॲसिड घशापर्यंत येतंय, आणि हे दुखणं जुनं आहे. मी म्हटलं, मला कधी जळजळ होत नाही. ते म्हणाले की ज्यांना होत नाही तेच उशिरा येतात. मग विचारलं, तोंडात काय आहे. पेपरमिंटची गोळी. टेकच्या आधी एक, आमच्या धंद्यात सगळेच घेतात, सीनियर ज्युनियरला देतात. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. पेपरमिंटने पोटाच्या तोंडाची झडप सैल पडते म्हणे. गरम पाणी-लिंबूही बंद, कारण लिंबूही आंबटच. सारखं खाकरायचंही नाही.
माझ्या घशाला शिस्त लावणारं सगळं यांनी बंद केलं. आवाजातलं यांना काय कळणार. नवखे वाटले. केस पांढरे आहेत, पण तेवढ्यावरून काही ठरत नाही.

१९ जानेवारी
ॲसिड वर येऊ नये म्हणून पलंगाचे डोक्याकडचे पाय विटांवर चढवले. सकाळी नवरा पायथ्याशी गोळा झालेला सापडला. म्हणाला, लग्न केलं तेव्हा पलंग सपाट होता. आता बाहेरच्या खोलीत झोपतो. विटा काढून दोन उशा घेतल्या. उशांनी पोट दुमडतं, उपयोग होत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण माझं पोट दुमडलं तरी कुरकुर करणारं नाही.

२७ जानेवारी
डॉक्टरांनी दिलेली ॲसिडची गोळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची आहे. रिकाम्या पोटी स्टुडिओत गेलं तर पोटातली गुडगुड माइकमध्ये येते, म्हणून मी आधी खाऊन घेते आणि मग गोळी. शेवटी आत दोघांनाही एकाच ठिकाणी जायचंय.
आवाज सुधारतोय. मी फोन उचलला तर वहिनी म्हणाली, “भावजी, जरा तिला द्या ना.” तिच्या फोनला रेंज नसते.

३ फेब्रुवारी
नवा दिग्दर्शक फार मानतो मला. स्वतः खुर्ची ओढून दिली, बरं वाटेपर्यंत विश्रांती घ्या म्हणाला. इतकी काळजी आजवर कुणी केली नव्हती. कोपऱ्यात एक मुलगी बसली होती, शिकायला येते म्हणे. खारुल्या चिडला की वाक्याच्या शेवटी श्वास कसा आत ओढतो, ते तिला नीट करून दाखवलं. पटकन उचललं तिने. हुशार आहे. पेपरमिंट देऊ केली. ती म्हणाली, “नको मॅडम, मी नुसतं पाणी पिते.”

८ फेब्रुवारी
पोटाच्या डॉक्टरांकडे दुर्बिणीने तपासणी. पोटाचा थोडा भाग छातीकडे सरकलाय, अन्ननलिकेला सूज आहे, खालच्या टोकाचा रंग बदललाय म्हणून तिथला तुकडा तपासायला घेतला. गोळ्या बरेच महिने, वजन कमी, नाहीच भागलं तर झडप घट्ट करायचं ऑपरेशन. मी विचारलं, आवाज कधी येईल. म्हणाले, बोलणं नक्की सुधारेल. मी विचारलं, आणि खारुल्या?
“कोण?” ते म्हणाले.

१५ फेब्रुवारी
तुकड्यात वाईट काही नाही. पेशी बदलल्यात, त्यांच्यावर लक्ष ठेवावं लागेल. नवऱ्याने रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचला, मग गुपचूप विटा आणून लावल्या आणि उशी घेऊन परत आला. घसरलो तर घसरलो, म्हणाला.
मी खूश व्हायला हवं होतं. झाले असं दाखवलं.

२३ फेब्रुवारी
शेजारणीकडे गेले तेव्हा तिची छोटी खारुल्याचा नवा भाग बघत होती. हा मी केलेला नाही. तीच मुलगी. चिडल्यावरचा श्वास अगदी बरोबर ओढला तिने.
छोटी नेहमीच्या जागी हसली. तिला फरक कळला असणारच, लहान मुलांना कळतं. मी कानाशी जाऊन विचारलं, हा खारुल्या वेगळा वाटतो ना गं? तिने पडद्यावरची नजर न हलवता माझ्या तोंडावर हात ठेवला.
“काकू, तू बोलू नकोस. मला त्याचं ऐकू येत नाही.”

२ मार्च
कॉफी नाही, पेपरमिंट नाही, गोळी वेळेवर. आता सगळं पाळते. पाळण्यासारखं दुसरं काही उरलेलं नाही.
दिग्दर्शकाला मेसेज केला. नाही म्हणेल. प्रेमाने म्हणेल, खुर्ची ओढून देतो तसं. लिहिलं ते असं :
“खारुल्याला सर्दी होऊन त्याचा आवाज बसतो, असा एखादा भाग लिहून घ्याल का? तेवढा एक मला द्या.”