उखर्डूच्या नावाची मूठ

अमळनेर,
श्रावण शुद्ध प्रतिपदा, शके १८६८

तीर्थरूप आईच्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

शेजारची कमलबाई हे वाचून दाखवील, तिला घाई करू देऊ नकोस. मी बरा आहे. खोकला फक्त पहाटे येतो. आबांचा गुडघा कसा आहे?

कॉलेजात नव्या मुलांचं मन रमावं म्हणून आम्हा जुन्यांकडे एकेक मुलगा सोपवतात. माझ्याकडे उखर्डू आलाय. वादविवाद मंडळात तो आपल्या बोलीत बोलायला उभा राहिला आणि पोरं हसली. तेव्हापासून गप्पच. तालमीत नेलं, वाचनालयात नेलं. येतो आणि मान खाली घालून बसतो. काल त्यानं कॉलेज सोडायचं म्हणून ट्रंक भरली.

मी म्हटलं, "रविवारी कानबाईचा सण आहे. आमच्या घरी चल, प्रसादाचे रोट खाऊ."

तो म्हणाला, "रोट घरनासनी खावाना, भाऊ. मन्ही मूठ कोन काढी? मन्हा घर कोनीच नही शे."

आई, रोटाचे गहू घेताना तू घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं मूठ काढतेस. यंदा माझ्यानंतर एक मूठ उखर्डूच्या नावानं काढ. आबा रागावतील. भाऊबंदांबाहेर रोट जात नाही म्हणतील, हा कोणाचा कोण म्हणून विचारतील. 'आपल्या धनसिंगचा धाकटा भाऊ आहे' म्हणून सांग.

आम्ही दोघं शनिवारी निघतो. 'तुझी मूठ आईनं काढली,' असं मी त्याला आजच सांगून बसलोय. मला खोटं पाडू नकोस.

तुझा,
धनसिंग