फेरतपासणीत माझ्या पतींच्या बाजूने कोणी बोलावे, याबाबत

सोमवार, दिनांक ११ मार्च २०२४ रोजी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, अपंगत्व तपासणी मंडळाच्या खोलीत, डॉक्टरांनी माझ्या पतींना विचारले, "काय, कसं चाललंय?" माझे पती खुर्चीच्या हाताला धरून उठले, ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "एकदम ठीक, साहेब." पाठीला हातही न लावता डॉक्टरांनी "तक्रार नाही" असे लिहिले. मला बाहेर बसवले होते, पण दार उघडे होते. पुढच्या महिन्यात त्यांचे अपंगत्व पन्नास टक्क्यांवरून वीसवर आणले गेले आणि निवृत्तिवेतनाचा तेवढा भाग कापला गेला. आम्ही अपील केले आहे. फेरतपासणी व्हायची आहे.

दहा जूनला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे, म्हणून हे मृत्युपत्र आताच करते. माझे डोके ठिकाणावर आहे, हे मला न आवडणारी माणसेही मान्य करतील. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. तशी कोणाची छाती नाही.

१. राहते घर माझ्या नावावर आहे. ते पतींना मिळावे आणि त्यांच्या पश्चात माझ्या भाचीला.

२. बँकेतली शिल्लक पतींना. तिच्यातला मोठा भाग माझ्या भरपाईचा आहे. लाँड्रीतल्या इस्त्रीच्या यंत्रात माझ्या डाव्या हाताची दोन बोटे गेली, तेव्हा मुकादम म्हणाले होते, "बाई, डावाच हात आहे ना?" मी ओला टॉवेल त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटले, "एका हाताने पिळून दाखवा." मला भरपाई पूर्ण मिळाली. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी आम्हाला शिकवले होते, विचारल्याशिवाय बोलू नका, पण विचारले की खरे आणि पूर्ण वाक्यात सांगा.

३. बैठा सोफा माझ्या नणंदेस. त्यावर बसले की माझ्या पतींना उठता येत नाही. "दादा तर चांगला धडधाकट दिसतो," हे ती त्यावरच बसून म्हणाली होती. तिने तो स्वखर्चाने न्यावा.

४. माझे पती फौजेत ट्रक चालवत. कामावर असताना ट्रक उलटला आणि मणका दुखावला. मात्र अधिकाऱ्याने विचारले की "ठीक" म्हणायचे, ही शिकवण अजून शाबूत आहे. तपासणीच्या दिवशी घरी येताना मी विचारले, "अहो, रोज सकाळी तुम्हाला मोजे कोण घालतं?"

"तू."

"मग ते का नाही सांगितलंत?"

"त्यांनी मोज्यांचं विचारलंच नाही."

तिथे आपला चांगला दिवस सांगायचा नसतो, नेहमीचा सांगायचा असतो. किती वेळ बसता येते, काय वाकून उचलता येत नाही, कोणाची मदत लागते. ते रडगाणे नव्हे, विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आहे. हे मी त्यांना चाळीसदा सांगितले. ते "बरं" म्हणतात.

५. म्हणून त्यांच्या शेजारी बसून बोलण्याचे काम मी माझ्या भाचीवर सोपवते. ती बसची कंडक्टर आहे. भरल्या गाडीत मागच्या दारापर्यंत तिचा आवाज पोचतो. ती आधी कचरत होती. "मावशी, मला कायद्यातलं काय कळतं?"

"कायदा वकील बघतील. तू काकांचा दिवस सांग, उठल्यापासून झोपेपर्यंत."

"आणि काका मध्येच ठीक म्हणाले तर?"

"तर त्यांना म्हण, काका, खाली बसा."

मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

६. माझे कपडे कोणालाही द्या. इस्त्री मात्र पतींनी करू नये. त्यांना उभे राहवत नाही, आणि ते तसे सांगणार नाहीत.

हे मी स्वतः लिहिले, वाचले आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांना यातून काहीही मिळणार नाही, हे त्यांना आधीच सांगितले आहे.

साक्षीदार: १. खालच्या मजल्यावरचे औषधविक्रेते (सही)
२. आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाई (सही)

मृत्युपत्र करणार (सही)
स्थळ: राहते घर. गुरुवार, दिनांक २ मे २०२४

प्रत, रजिस्टर पोस्टाने: अपंगत्व निवृत्तिवेतन कार्यालय.
फेरतपासणीला माझी भाची पतींसोबत आत बसेल आणि बोलेल, यास आपली मान्यता शुक्रवार, दिनांक ३१ मे २०२४ रोजी संध्याकाळी पाचपर्यंत लेखी कळवावी. ऑपरेशनला जाण्याआधी ती मला वाचायची आहे. फोन करू नये. आमच्याकडे फोन हेच उचलतात, आणि "काही अडचण नाही, साहेब" म्हणून ठेवून देतात.