कमी उजेडाचा कॅमेरा

बाबा, मागच्या महिन्यात मी व्हिडिओ कॅमेरा घेतला. तुम्ही असतात तर दुकानाच्या पायरीवरूनच मला परत फिरवलं असतंत. स्वस्तातला आहे. दुकानदार बिचारा खरं बोलला. म्हणाला, "ताई, उन्हात झकास चालेल, पण घरात उजेड कमी असला की वाट लागेल. आधीच सांगतो." शेजारी ठेवलेला, अंधारातही स्वच्छ दाखवणारा कॅमेरा याच्या तिप्पट किमतीचा होता, आणि आईचं ऑपरेशन दहा दिवसांवर आलं होतं. म्हणून हाच घेतला. वर त्यालाच ऐकवलं, की माझे वडील लग्नाच्या शूटिंगला लाइटमन होते, उजेडाचं माझं मी बघते. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, पण हे मी पहिल्यांदाच कोणाला सांगितलं. कॉलेजात मी मैत्रिणींना सांगायचे, बाबा इलेक्ट्रिकचं काम करतात. त्याची मला आज लाज वाटते.

आईच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल पण बोलणं जाईल. सगळे म्हणाले, तिचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड कर. माझा आधीचा मोबाइल बंद पडला तेव्हा त्यातलं सगळं त्याच्याबरोबर गेलं होतं, त्यामुळे माझा त्यावर काडीचा विश्वास नाही. शिवाय मोबाइल समोर धरला की पलीकडे कोणीतरी आहे असं समजून आई "मी बरी आहे, तुम्ही कशा?" एवढंच बोलते. ती मोकळी बोलते ती स्वयंपाकघरात, हाताला काम असताना. आणि मुलुंडच्या आपल्या त्या स्वयंपाकघरात आता भर दुपारी दिवा लावावा लागतो, कारण खिडकीसमोरची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिलाय.

म्हणून मी एक एलईडी दिवा आणला, ओट्यावर ठेवला आणि सरळ तिच्या तोंडावर सोडला. आई कोथिंबीर निवडत होती. तिने डोळे मिटून घेतले. "बंद कर गो. दवाखान्यात तपासूक नेतत तसा वाटता," म्हणाली. मला तुमचा हॅलोजन आठवला. मी दहावीत असेन तेव्हा. तुम्ही लग्नाला निघण्याआधी हॅलोजन लावून बघताय, मी तो तुमच्या हातातून घेते आणि भाकऱ्या थापणाऱ्या आईवर रोखते. ती पिठाच्या हातांनी डोळे झाकते, मला हसू येतं. तुम्ही कधी रागावणारे नव्हतात, पण तेव्हा दिवा माझ्याकडून काढून घेता आणि म्हणता, "समोरच्याला डोळे मिटावे लागले तर त्या उजेडाचा काय उपयोग? भिंतीवर मार. तिच्याकडे आपोआप येईल." तेवढ्यावरून मी फुगून बसते आणि रात्री जेवत नाही.

आपली भिंत आता तेलकट पिवळी झालीय. मी तिच्यावर पांढरी चादर टांगली आणि दिवा चादरीकडे वळवला. तरीही चित्र खराबच आलं, आईच्या चेहऱ्यावर कोणी रवा भुरभुरल्यासारखं. पण तिचे डोळे उघडे राहिले, आणि त्या बसक्या आवाजात ती तासभर बोलली. कोळणीशी झालेलं भांडण, लग्नात रुसून बसलेली आत्या, तुमचं घोरणं, सगळं. शेवटी मी म्हटलं, आता फक्त माझ्यासाठी काहीतरी बोल. तिने हात पुसले. मग रोजच्यासारखीच म्हणाली, "जेवूक ये गो. भात निवता." मी कॅमेरा बंद केला आणि तिथेच रडले. ती रडली नाही, तिने खरंच ताटं घेतली.

ऑपरेशन नीट झालं. आई आता पाटीवर लिहून बोलते, आणि माझ्याकडून चूक झाली तर पाटी आपटते, म्हणजे तब्येत सुधारतेय. काल तिने लिहिलं, "माझा आवाज लाव. मला ऐकायचाय." मी सांगितलं, कॅमेरा बिघडलाय, दुरुस्तीला टाकलाय. तिने मान हलवली आणि पाटी पुसून टाकली. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच तुम्हाला लिहिते, बाबा. कॅमेरा कपाटात आहे, ठणठणीत. तो आवाज ऐकायची माझी हिंमत होत नाही, म्हणून मी तिचा तिलाही ऐकू दिलेला नाही.