आईचं दही

सोमवार संध्याकाळ, पनवेल

दमलोय. दुकानात गिऱ्हाइकाच्या आवाजावरून मला कळतं, घेणार की नुसतं विचारणार. घरातलं मात्र ऐकू येत नाही.

आईचा व्हायरल ताप उतरला. खोकला आणि बिघडलेलं पोट राहिलं. डॉक्टर मला म्हणाले, रोज वाटीभर दही द्या, पोट सावरलं तर अंगात लढायला बळ येईल. रोज आणतोय. आज लवकर आलो, तर स्वयंपाकघरात फोडणीचा आवाज.

"आई, दह्याची कढी केलीस?"

"खोकल्यात गार दही कोन खातं? तुजा डॉक्टर खातो?"

म्हणजे रोज हेच. मग मी शहाणपणाने समजावलं, की दह्यात जिवंत जंतू असतात, तेच पोटाला हवेत, उकळलं की मरतात.

ती गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावून म्हणाली, "जिवंत? आनि मला खायला घालतोस?"

"जन्मभर खाल्लंस की."

"तवा कुनी सांगितलं नवतं."

कढीची वाटीही तिने बाजूला सारली. आठवडाभर तेवढंच तर पोटात जात होतं तिच्या. फोडणी ऐकून गप्प बसलो असतो तर? आत खोकतेय. हे मात्र नीट ऐकू येतंय.