मामा, सोमवारी नुसतं ‘हो’ म्हणू नका

अमरावती, गुरुवार

तीर्थरूप किसनमामा,

पाया पडते (दुखरा सोडून दुसऱ्या पायावर). मामींचे गुडघे, गायीचं दूध आणि शेंदूरजनाघाटच्या संत्र्यांचा आंबिया बहार ठीक असावा. तुमची तब्येत विचारत नाही, कारण रिपोर्ट माझ्याकडेच आलाय. हिमोग्लोबिन सात! सोमवारी खुब्याच्या ऑपरेशनआधी माझ्याच वॉर्डात तुम्हाला दोन पिशव्या रक्त चढवायचंय. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही सगळ्याला ‘हो, हो’ म्हणता आणि ठेवून देता, म्हणून पत्र.

काल आम्हा नर्सेसना सुरक्षितपणे रक्त कसं चढवावं याचं प्रशिक्षण झालं. शिकवायला अकोल्याहून आरती मॅडम आल्या होत्या (वय माझ्या नोकरीहून थोडंच जास्त, आवाज मात्र तहसीलदाराचा). साडेदहाचा कार्यक्रम पाहुण्यांची गाडी आली तेव्हा, म्हणजे बाराला सुरू झाला. मग दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ. पाहुणे रक्तदानाच्या थोरवीवर पाऊण तास बोलले आणि स्वतः कधीच रक्त का दिलं नाही तेही सांगून गेले (सुईची भीती). चुकीच्या माणसाला चुकीचं रक्त जाऊन तो मरू नये, या विषयाला वीस मिनिटं उरली, तीही पोहे थंड होताहेत म्हणून घाईत. नियम सोपा. दोन सिस्टरांनी खाटेजवळ उभं राहून पिशवी, हातातला पट्टा, नाव आणि रक्तगट जुळवायचा. (आमच्याकडे चाळीस खाटांना मी एकटी. दुसरी सिस्टर कागदावर असते, तिची सही फार सुंदर आहे.) आणि रुग्णाला ‘तुम्ही अमुकच ना?’ असं विचारायचं नाही. ‘नाव काय?’ विचारायचं, त्यानंच सांगायचं.

मग मॅडमनी आमच्या पुंजारामला (वॉर्डातला परिचर, निवृत्तीला दोन वर्षं) टेबलावर रुग्ण म्हणून झोपवलं. पिशवीत गुलाबाचं सरबत, वर चिठ्ठी ‘बुधाजी’. बावीस वर्षं नोकरी झालेल्या एका सिस्टरला पुढे बोलावलं. ती मोठ्या तोऱ्यात गेली आणि म्हणाली, “काहो, तुमी बुधाजीच ना?” पुंजाराम म्हणाला, “हो जी.” झालं! हातातल्या पट्ट्यावर नाव दुसरंच होतं. मॅडमनी फळ्यावर लिहिलं, ‘रुग्ण दगावला’. सगळा हॉल हसला. ‘हो’ का म्हटलं, असं विचारल्यावर मयत उठून बसला आणि म्हणाला, “सिस्टरबाई एवढ्या मायेनं इचारून राह्यल्या, त्याइले नाई कसं म्हनू?”

मामा, या आपल्या लोकांचं काय करावं! पांढरे कपडे दिसले की मान हलवायची, हीच सभ्यता. दुखतं का? हो. दुखत नाही ना? हो. शेवटी प्रमाणपत्रं वाटली. त्या सिस्टरलाही मिळालं, गैरहजर दोघींनाही मिळालं.

सोमवारी सकाळी लवकर या. संत्री आणू नका (मोठ्या डॉक्टरांना आवडतात, ती गोष्ट वेगळी).

तुमची भाची,
साधना

ता. क. ती सिस्टर मीच. बावीस वर्षांत असं किती जणांना ‘तुम्हीच ना?’ विचारलं असेल, ते कालपासून आठवत बसलेय.

आणखी एक ता. क. सोमवारी अख्ख्या वॉर्डासमोर मी तुम्हाला ‘नाव काय?’ असं विचारणार आहे. परतवाड्याच्या लग्नात अत्तर लावणाऱ्यानं ‘आपण कोण?’ विचारलं, तर तुम्ही न जेवता परतला होता, हे माहीत आहे मला. “आता भाची बी वळखत नाई का मले?” म्हणून खुशाल ओरडा. पण आधी ‘किसनराव नत्थुजी वानखडे’ एवढं स्वतःच्या तोंडानं सांगा. हात जोडते.

शेवटचा ता. क. तुमच्यासाठी ठेवलेल्या खाटेशेजारी कौंडण्यपूरकडचे एक किसनराव दाखल झालेत. त्यांनाही सोमवारीच रक्त चढवायचंय. तुमचा गट बी, त्यांचा ए. आज मुद्दाम त्यांना विचारून पाहिलं, “तुमी शेंदूरजनाघाटचे किसनराव ना?”

ते हात जोडून म्हणाले, “हो बाई.”