कै. सलील, गोलकीपर

गाला, मस्कत
शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

ती. सुगंधामावशीस,
साईचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या अटीप्रमाणे पत्र लिहितोय. राग आला की मोबाइल ठेवायचा, कागद घ्यायचा आणि पत्र रशीदच्या भाजीच्या गाडीतून खाबुऱ्याला पाठवायचं. कागद घेतलाय. मोबाइल ठेवायला जरा उशीर झाला, ते पुढे येईलच.

काल आपण जिंकलो. आपण म्हणजे देविकाचं कॉलेज. (मी त्या कॉलेजात शिकत नाही, हे तू सांगू नकोस. मी कुठल्याच कॉलेजात शिकत नाही.) चार-तीन. ऐकायला बरं वाटतं ना? आता नीट ऐक. समोरच्यांची बस वाटेत बंद पडली, म्हणून ते नऊच जण आले. त्यातला एक त्यांच्या कोचचा मेहुणा, नुसता बघायला आलेला. असल्या टीमवर आपण तीन गोल चढवले आणि मग आपल्या सलीलने, म्हणजे देविकाच्या सख्ख्या भावाने, गोलमध्ये उभं राहून तीन खाल्ले. तिसऱ्या वेळी तो बुटाची नाडी बांधत होता. शेवटच्या मिनिटाला पेनल्टी मिळाली म्हणून वाचलो.

आणि लोक? पिकअपच्या टपावर नाचत होते. टीममधला मधु रडला. कॅप्टन मुआजने बॉलचा मुका घेतला. वर्ल्ड कप जिंकल्यासारखं चाललं होतं. मी एकटा बाकावर उभा राहून सांगत होतो की हा विजय नाही, अब्रू गेलीय. कोच बदला, कीपर बदला, जमलं तर जाळीपण बदला. कोल्हापुरात पेठेतल्या टीमने असा सामना जिंकला असता तर महिनाभर तोंड लपवलं असतं.

तेवढ्यात देविकाने मला तिची पाण्याची बाटली दिली. घसा फाटेल, पी, म्हणाली. निळी बाटली आहे, झाकणावर तिचं नाव. पाणी मी प्यायलो नाही. बाटली गॅरेजमध्ये माझ्या टूलबॉक्सवर ठेवलीय, कुणी हात लावत नाही.

घरी आलो तरी सलीलवरचा राग उतरेना, म्हणून एक गंमत करून ग्रुपवर टाकली. ग्रुपात अकराच जण, सगळे आपले. हसतील नि सोडून देतील.

लोभ माझ्यावर असू दे, सलीलवर अजिबात नको.
तुझा साई


खाबुरा
मंगळवार, ११ नोव्हेंबर

चि. साई यास,
अनेक आशीर्वाद. (आज नाइलाजाने.)

तुझी गंमत तुझ्या पत्राच्या आधी पोचली. काल दवाखान्यात मी इंजेक्शनचा ट्रे लावत होते, तेवढ्यात जोहरा सिस्टर आली आणि मला मिठी मारून उभी राहिली. मागून फार्मसीतला ओमप्रकाश मोबाइल घेऊन आला. फोटोत सलील, गळ्यात झेंडूचा हार, बाजूला समई. वर भावपूर्ण श्रद्धांजली, खाली कै. सलील. ओमप्रकाशने सगळ्या स्टाफला हिंदीत अर्थ समजावला होता. जोहराला अर्थाची गरज नव्हती. हार आणि समई कुणालाही वाचता येतात.

मी रडत सलीलच्या आईला, सुरेखाला, फोन लावला. पोटच्या पोराबद्दल काय बोलायचं असतं, शब्द सुचेनात. ती म्हणाली, सलील समोर बसलाय, चौथी पोळी मागतोय, आणि सकाळपासूनचा हा एकोणिसावा फोन.

मग चष्मा लावून फोटो नीट पाहिला. ती चौकट आप्पांची आहे. दोन वर्षांपूर्वी आप्पा गेले तेव्हा तूच बनवलेली. फोटो बदललास, नाव बदललंस, खालची ओळ बदलायची विसरलास: शोकाकुल, सुगंधा (कन्या), खाबुरा. बावीस वर्षांच्या पोराची मी अठ्ठेचाळीस वर्षांची कन्या झाले. ओमप्रकाश अजून हिशेब करतोय.

मागे सरांची टर उडवणारं स्टेटस टाकलंस, माफी मागायच्या ऐवजी कॉलेज सोडलंस. तेव्हाच म्हटलं होतं, तुझं डोकं आणि अंगठा यांत थोडं अंतर ठेव. तिकडे काय झालं ते खरंखरं लिही.

आशीर्वाद परत घेता येत नाहीत, म्हणून आहेत.
मावशी


गाला
गुरुवार, १३ नोव्हेंबर

ती. सुगंधामावशीस,
शि. सा. न. वि. वि.

खरंखरं लिहितो. रविवारी मला काहीच माहीत नव्हतं. बाटली परत करायच्या निमित्ताने मी रुवीला देविकाच्या घरी गेलो. दारात चपलांचा ढीग. वाटलं, पूजा असेल.

आत वीस-पंचवीस माणसं पांढऱ्या कपड्यांत. मधोमध सोफ्यावर सलील, हाफ पँटमध्ये. येणारा प्रत्येकजण त्याला बघून दचकत होता, मग आलोच आहोत म्हणून बसत होता. सुरेखाकाकू चहा करून करून दमल्या होत्या. एक आजोबा सांगत होते की मेल्याची खोटी बातमी पसरली की आयुष्य वाढतं, तेव्हा पोराने खुशाल राहावं. मुआज त्याच्या वडिलांना घेऊन आला, खजूर आणि कहवा घेऊन. त्याने रडत सलीलला मिठी मारली आणि मग आपण कुणाला मिठी मारलीय ते लक्षात येऊन एकदम सोडलं. सलीलच्या बाबांना, जयप्रकाशकाकांना, फोनवर कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं, कधी नेणार. काका म्हणाले, मी कशाला नेऊ, तो रोज बसने जातो.

मावशी, अशी गंमत आमच्याकडे सगळे करतात. हरलेल्या टीमला श्रद्धांजली, तेरावं, सगळं. शिवाय मी खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हे निधन नव्वद मिनिटांपुरतेच समजावे. कुणी झूम करून बघितलं नाही, यात माझा काय दोष?

पण देविका दारात आली. तिचा चेहरा लाल झाला होता. बाटली पुढे केली तर म्हणाली, “ठेव तुलाच. तुझ्याकडून मला काही परत नको. मेसेजपण नको.” एवढंच. दार तिने हळू लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मला कॉलेज गेल्याचं कधी वाईट वाटलं नाही. हे वाटतंय. तिने पुन्हा बोलावं एवढंच हवंय, बाकी खलास.

आता एकच काम राहिलंय. अकरा जणांतल्या कुणीतरी तो फोटो बाहेर पाठवला. माझा मधुवर संशय आहे. शुक्रवारी मैदानात सगळ्यांसमोर त्याची कॉलर धरणार.

लोभ उरला असेल तर वाढव.
साई


खाबुरा
रविवार, १६ नोव्हेंबर

चि. साई यास,
आशीर्वाद.

परवा मधुची कॉलर धरली नाहीस, त्याला ताप होता म्हणून मैदानात आलाच नाही, हे सुरेखाकडून कळलं. देव त्याला असाच वेळेवर ताप देवो.

आता ऐक. सलीलला स्वतःच्या हाताने माफीचं पत्र लिही. सलीलला, देविकाला नाही. त्यात पण, परंतु आणि बारीक अक्षरं नकोत. पुढच्या सामन्याला गोलच्या मागे बस आणि तोंडातून अक्षर काढू नकोस. एकदा माफी न मागून काय गेलं ते तुला माहीत आहे. या वेळी काय जाईल तेही मला कळतं. तुझ्या दोन पत्रांत बाटली किती वेळा आली ते मी मोजलंय.

लोभ आहे. अंगठा आवर.
मावशी


रुवी
शनिवार, २२ नोव्हेंबर

ती. सुगंधामावशी यांस,
सा. न. वि. वि. (आईने असं लिहायला सांगितलं. पूर्ण अर्थ मला माहीत नाही, आणि आता अर्थ माहीत नसलेलं काही पुढे पाठवायची मला भीती वाटते. का, ते सांगते.)

मावशी, तो फोटो मी पाठवला.

मी मराठी बोलते, पण वाचताना जोडाक्षर आलं की मी उडी मारते. शाळेत हिंदीच्या जागी फ्रेंच घेतलं होतं. हे पत्र लिहितानाही जोडाक्षरं आईला विचारतेय. ग्रुपवर फोटो आला. दादाला हार, दिवा, आणि कै. सलील. मला वाटलं कै. म्हणजे कॅप्टन. मुआज जाऊन दादा कॅप्टन झाला. वरचा लांब शब्द मी अभिनंदन समजले. मी इतकी खूश झाले की फॅमिली ग्रुप, बिल्डिंगचा ग्रुप आणि आईच्या हळदीकुंकवाच्या ग्रुपवर, सगळीकडे पाठवला. वर लिहिलं, प्राउड सिस्टर.

म्हणून काही लोकांना मी फार खंबीर वाटले.

साई दारात आला तेव्हा मला त्याचा राग होता, पण स्वतःची लाज जास्त होती. त्याने दादाला पत्र लिहिलं. दादाने ते दोनदा वाचलं आणि पाकिटात ठेवलं. काल सामना होता. साई गोलच्या मागे बसला, तोंडात रुमाल धरून. आम्ही एक-शून्य जिंकलो, तोही त्यांच्याच माणसाने चुकून मारलेला गोल. लोक परत नाचले. साई नाही बोलला. हाफ टाइमनंतर दादाच मागे वळून ओरडला, “अरे, शिव्या तरी दे. डावीकडे सरकायचं की उजवीकडे, मला कळत नाहीये.” तेव्हा मला समजलं, तो ओरडतो त्यातलं अर्धं खरंच कामाचं असतं.

तुम्ही त्याला सांगू नका. मी सांगेन, माझ्या पद्धतीने. कै. चा खरा अर्थ आता मला पाठ आहे, पण माझ्यापुरता मी तो कॅप्टनच ठेवणार आहे.

लोभ असावा. (याचा अर्थ मी विचारून घेतला, मग लिहिला.)
तुमची देविका


गाला
मंगळवार, २५ नोव्हेंबर

ती. सुगंधामावशीस,
शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहितोय, रशीद गाडी चालू ठेवून हॉर्न देतोय. आज मधु गॅरेजवर आला. मी पाना खाली ठेवला, कारण तू काय म्हणशील ते ठाऊक आहे. त्याने खिशातून एक चिठ्ठी काढून दिली. देविकाची. जशीच्या तशी उतरवतो:

“कै. साई, शुक्रवारी पाच वाजता. गोलच्या मागे. बाटली आण. देविका.”

मावशी, कै. तिने स्पष्ट लिहिलंय, दोन मात्रा, पुढे टिंब. म्हणजे तिच्या लेखी मी मेलो. ठीक आहे, मी सलीलला मारलं, तिने मला. पण मग शुक्रवारी का बोलावते? सगळ्यांसमोर काहीतरी म्हणायला? मधुला विचारलं तर तो हसला आणि म्हणाला, यल्ला, चल, आपल्याला मराठी येत नाही. बाटली मी तीनदा पुसली. जाऊ की नको? उलट टपाली कळव, म्हणजे उलट भाजी.

लोभ कर, नाहीतर सरळ शोकाकुलमध्ये नाव घाल.
साई


खाबुरा
बुधवार, २६ नोव्हेंबर

चि. साई यास,
अनेक उत्तम आशीर्वाद, मनापासून.

जा. बाटली नुसती पुसू नकोस. धू आणि गार पाणी भरून ने. कैलासवासी माणसाकडून कुणी पाणी मागवत नाही.

कै. म्हणजे काय ते तिलाच विचार. सांगताना ती लाजेल. तेव्हा हसू नकोस, आणि मधुची माफी मागून मगच तिच्याशेजारी बस.

तुझी मावशी
(सध्या शोकाकुल नाही)