सिंकच्या जागचा दगड

प्रिय सूनबाई,

काल तू फोनवर एक साधा प्रश्न विचारलास, नव्या घरातल्या ओट्याला कुठला ग्रॅनाइट घेऊ. मी ‘विचार करून सांगते’ म्हणाले आणि फोन ठेवून दिला. आज सकाळी तुझ्या चष्मेवाल्यांचा फोन आला. बिचारे आधी ‘काकू’ म्हणाले, मग ‘आई’ म्हणाले, मग काहीच जमेना तेव्हा पुन्हा ‘हॅलो’ म्हणाले. त्यांच्याकडून कळलं, की तू मिस्त्रीला काम थांबवायला सांगितलंस, आणि त्यांनाही म्हणालीस, ‘आईंच्या मनात नाही, आपण लग्नाचं राहू देऊ.’ म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. पुन्हा फोन केला असता, पण वसतिगृहाची नोकरी सुटून जमाना झाला तरी फोनवर माझा आवाज रेक्टरसारखाच निघतो. कागदावर मी जरा बरी असते, असं तूच एकदा म्हणाली होतीस. तेव्हा शेवटपर्यंत वाच, आणि मध्येच डोळे पुसत बसू नकोस.

आधी दगडाचं बोलू. विचारलं आहेस तर उत्तर मिळायला हवं.

काळा कुळकुळीत दगड दिसला की भुलायचं नाही. हे मी तुला सांगावं म्हणजे गंमतच, कारण ते मला तुझ्याकडूनच कळलं. तुमचं लग्न नुकतंच झालं होतं आणि मी स्वयंपाकघर नवं करायला काढलं होतं. आपण तिघं दगडांच्या दुकानात गेलो, तू, मी आणि उंटोबा. हे नाव माझ्या मुलाला तू ठेवलंस. त्याच्या उंचीवरून ठेवलंस हे उघड होतं, आणि मला ते ऐकू येत नाही असं मी बरेच महिने दाखवत राहिले. दुकानात शिरल्या शिरल्या मी आरशासारख्या एका काळ्या लादीवर बोट ठेवून ‘हाच’ म्हणून मोकळी झाले. दुकानदार टेप काढायला वळला, तेवढ्यात तू पर्समधून नेलपॉलिश काढायची बाटली आणि कापूस काढलास. तो म्हणाला, ‘ताई, ग्रॅनाइट आहे तो, नखं नव्हेत.’ तू म्हणालीस, ‘म्हणूनच बघते, नखांना लावतात तसलं काही याला लावलंय का.’ कापूस काळाभोर झाला. फिकट दगडाला रंग चोपडून ठेवला होता. ‘आई, हा मेकअप करून बसलाय,’ तू म्हणालीस, आणि उंटोबाला इतकं हसू आलं की तो दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला. दुकानदाराचं तोंड उतरलं तेव्हा तू अगदी सहज म्हणालीस, ‘मला काय कळतंय, शंका आईंनाच आली होती.’ मला कसलीही शंका आली नव्हती. घरी येताना मी रिक्षात गप्प होते ते रागाने नव्हे. परक्या घरातून आलेली मुलगी माझी लाज राखते, हे पचवायला मला थोडा वेळ लागत होता. तेव्हा आभार मानायचे राहिले, ते आज मानते.

तर नव्या घरासाठीही तेच कर. तळहाताएवढा नमुना बघून ठरवू नकोस. दुकानाच्या मागे अंगणात अख्ख्या लाद्या उभ्या असतात, तिथे जा, दिवसाउजेडी जा, आणि बादलीभर पाणी मारायला लाव. ओला झाला की दगड खरा रंग दाखवतो. रेघ दिसली तर तिच्यावरून नख फिरव. नख सरळ गेलं तर ती दगडाची नक्षी, अडकलं तर तडा. मग पाण्याचा थेंब ठेवून थोडं थांब. खालची जागा लगेच काळपट झाली तर दगड पाणी पितो, म्हणजे तेलही पिणार. असा दगड घ्यायचाच नाही असं नाही, पण मग त्याला छिद्रं बुजवणारा सीलर लावण्यात आळस नको. आपल्या राखाडी दगडाने पाणी प्यायलं होतं, आठवतं? पण त्यातले ते डाळिंबी कण पाहून तू तिथेच उकिडवी बसलीस, आणि तुझ्या शेजारी उंटोबा बसला, आणि दोघं मिळून लहान मुलांसारखे कण दाखवायला लागलात. मला काळा सोडून दुसरा रंग नको होता, पण तुमच्याकडे बघून मी मुकाट्याने मान डोलावली. घेतला ते बरं झालं.

मिस्त्री ओटा बसवायला आला तो दिवस मला पक्का आठवतो. त्याने सिंकसाठी चौकोन कापला आणि आतला तुकडा उचलून आपल्या हातगाडीवर ठेवला. हे लोक तो तुकडा नेतातच, कोणाच्या पायरीला लावतात, कोणाच्या टेबलाला. तू धावत गेलीस, ‘मामा, तो आमचा आहे.’ त्याने विचारलं, काय करणार याचं. तू म्हणालीस, ‘उद्या ओट्याला काही झालं तर असाच जोड कुठून आणू?’ मी म्हटलं, घरात काय कमी अडगळ आहे. तू ऐकलं नाहीस. तो दगड गॅलरीतल्या कपाटामागे उभा राहिला, आणि झाडताना दरवेळी माझ्या पायाला लागला.

सीलर लावायचं काम उंटोबाने अंगावर घेतलं. ‘माझं खातं,’ म्हणाला. एका रविवारी सिंकपासून उजव्या कोपऱ्यापर्यंत लावलंही. मग शेगडीच्या डावीकडची बाजू राहिली, ती पुढच्या रविवारी, मग त्याच्या पुढच्या. डबा फळीवर, ब्रश डब्यावर, आणि ‘आई, अर्धं झालंय, अर्ध्याला नावं ठेवू नकोस.’ सकाळी अंडी स्वतःच करून घ्यायची त्याची सवय, आणि तेलाची बाटली नेमकी त्या डावीकडच्या जागेवर टेकवायची. बाटलीला ओघळ, ओघळाला माझी बोलणी. खाली बशी ठेव म्हटलं की म्हणायचा, ठेवतो. बशी कधी आली नाही. दगडाने तेल प्यायलं आणि बाटलीच्या बुडाएवढा काळपट गोल डाग पडला. मी साबणाने घासला, तो होता तिथेच राहिला.

मग उंटोबा गेला. त्या दवाखान्याबद्दल लिहायचं नाही, आपण दोघी तिथे होतो, तेवढं पुरे.

त्यानंतरचं मात्र लिहायचं आहे. घरात येणारे जाणारे मला धीर दे म्हणून तुला सांगत होते, तुला कोण देतंय हे कुणी बघत नव्हतं. तू धीर वगैरे काही दिला नाहीस. तू माझ्यासमोर विळी किंवा सुरी आणि भाजीची टोपली ठेवायचीस आणि म्हणायचीस, ‘आई, एवढं चिरून द्या ना, मला प्रयोगशाळेत जायला उशीर होतोय.’ मला वाटायचं, काय ही मुलगी, रोजच उशीर. पुढे तुझ्या प्रयोगशाळेतली एक बाई भेटली, ती म्हणाली, तुमची सून सगळ्यांच्या आधी येऊन बसते. तेव्हा समजलं, की उशीर वगैरे काही नव्हता. माझे हात रिकामे राहू नयेत एवढंच तू बघत होतीस. शेगडी तू एक दिवस थंड पडू दिली नाहीस, आणि त्या शेगडीसमोर मला उभं केलंस. मुलगा गेलेल्या बाईला सुनेने जगवलं, असं कुणी दुसरीबद्दल सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, जरा अतीच सांगताय. पण ती बाई मीच आहे.

आणि डागाचं. एकदा शेजारणीने लोण्याचं पाकीट त्याच डाव्या बाजूला ठेवलं आणि विसरली. नवा डाग पडला. तू खाण्याचा सोडा पाण्यात दाट कालवलास, डागावर थापलास, वर प्लॅस्टिकचा कागद, कडेने चिकटपट्टी. वाळल्यावर काढलास तर लोणी सोड्यात येऊन बसलं होतं आणि दगड कोरा. मी बघत होते. उंटोबाचा डाग तिथून वीतभर अंतरावर. त्यालाही तोच सोडा चालला असता. तू थापला नाहीस. इतकी वर्षं ओटा पुसताना तुझं फडकं त्या जागेशी जरा हळू व्हायचं आणि पुढे जायचं. वसतिगृहात मुली मला मागे ‘शिट्टी’ म्हणायच्या, ताटावर पाण्याचा थेंब राहिला तरी मी परत धुवायला लावायचे. अशी मी, आणि माझ्या ओट्यावर डाग. आपण त्यावर एक अक्षर बोललो नाही. माझ्यासाठी तू तो ठेवलास हे मला माहीत होतं. तुझ्या स्वतःसाठीही ठेवला असशील, तेही ठाऊक आहे.

तुझी बदली झाली तेव्हा तू जायला तयार नव्हतीस. बॅग मीच भरली आणि बसस्टँडवर सोडायलाही मीच आले. तुला वाटलं असेल, म्हातारीला घर मोकळं हवंय. मला तू मोकळी हवी होतीस. मग तिकडे चष्मेवाले भेटले, आणि गेल्या खेपेला तू त्यांना घेऊन आलीस, ‘हे डोळे तपासतात, तुमचा नंबर बघतील,’ असं म्हणून. माझा नंबर बघायला कुणी एवढा बसचा प्रवास करून येत नाही, एवढं मला चष्म्याशिवायही दिसतं. त्यांनी माझ्या चष्म्याची सैल दांडी घट्ट करून दिली. चहा झाल्यावर स्वतःचा कप विसळला. मग न सांगता फडकं घेऊन ओटा पुसायला लागले. मी आतल्या खोलीत होते, दार उघडं होतं. पुसता पुसता त्यांचा हात डाव्या बाजूला आला आणि ते म्हणाले, ‘इथे काहीतरी सांडलंय वाटतं.’ तू म्हणालीस, ‘तो असू द्या.’ त्यांनी काय, कुठलं, कशाने, काही विचारलं नाही. फडकं उचललं, डाग ओलांडला आणि पुढे पुसलं. तुझ्यासारखंच, जरा हळू होऊन. सूनबाई, त्यांची मला जी काय परीक्षा घ्यायची होती ती तेवढ्यात झाली. ते पास आहेत. रेक्टर म्हणून सांगते.

ओट्याची निगा तुला वेगळी सांगायला नको, पण त्यांना माहीत असावी म्हणून लिहिते, त्यांनाही वाचून दाखव. साधा साबण, मऊ फडकं, नंतर कोरडं पुसायचं. लिंबू नको, व्हिनेगर नको, बाथरूमचं ॲसिड तर जवळही आणायचं नाही, दगडाचं तेज जातं. सुरी थेट दगडावर चालवली तर दगडाला काही होत नाही, सुरीची धार जाते. शेगडीवरचं तापलेलं पातेलं थेट टेकवू नये. आणि सिंकच्या पुढची पट्टी अरुंद असते, तिच्यावर दिवा बदलायला चढायचं नाही. उंटोबा चढला होता आणि मी घर डोक्यावर घेतलं होतं. यांची उंची बेताची आहे, म्हणजे तेही चढणार. सीलर अर्धा लावून थांबू नका. रविवार येत राहतात.

आता काल मी फोन का ठेवला ते. मला विचार वगैरे काही करायचा नव्हता. मी फोनवर बोलत ओट्याशी उभी होते, तू ‘नव्या घरात’ म्हणालीस, आणि माझी नजर त्या डागावर गेली. मी फोनवर रडत नाही, म्हणून फोन ठेवला. एवढंच. माझ्या मनात नाही असं तू कशावरून ठरवलंस? तुम्ही दोघं परत गेलात त्याच आठवड्यात मी मिस्त्रीला बोलावून गॅलरीतला तो सिंकच्या जागचा दगड बाहेर काढला. त्याने विचारलं, काय करायचंय याचं. मी म्हटलं, कडा गोल करून द्या, लेकीच्या नव्या घरी द्यायचाय. तोंडातून ‘लेकीच्या’ असं आपोआप गेलं, आणि मी दुरुस्त केलं नाही. आणि त्याच दिवशी मी नवा डबा आणून शेगडीच्या डावीकडच्या बाजूला सीलर लावला, डागासकट. उंटोबाचं राहिलेलं अर्धं काम झालं. आता तो डाग निघणार नाही. तो माझ्याकडे राहील आणि मी त्याला सांभाळीन. तू तो इतकी वर्षं सांभाळलास, पुरे झालं. तुझ्या वाट्याला त्याच लादीतला हा कोरा दगड आहे, डाळिंबी कणांसकट. याच्यावर पीठ मळ, तापलेलं भांडं ठेवायचं तर खाली जाड फडकं घाल, काही सांडू दे. तुझ्या मिस्त्रीला उद्याच काम सुरू करायला सांग. लग्नाला मी येणार आहे आणि तुझ्या बाजूने बसणार आहे, कोणी कोण म्हणून विचारलं तर उत्तर मी देईन. चष्मेवाल्यांना मी फोनवर बोलावून घेतलं आहे. म्हटलं, दोन्ही हात रिकामे घेऊन या, सामान जड आहे. ‘तुम्हाला काय म्हणू?’ असं पुन्हा विचारत होते. म्हटलं, ती म्हणते तेच म्हणा.

तुझीच,
आई

चष्मेवाल्यांच्या हाती दिलं ते असं: आपल्या ओट्यातून सिंकसाठी कापलेला दगड, कडा गोल करून, सीलर लावून, खाली रबराचे पाय बसवून, जुन्या चादरीत गुंडाळून. सीलरचा उरलेला डबा, झाकण घट्ट. ब्रश, धुतलेला. मऊ फडकी. तेलाच्या बाटलीखाली ठेवायला एक बशी.
डाग दिलेला नाही.